धाकू विचारतो, करू का?

६ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. फोनच्या नोट्समध्ये, बोलून. मी बोलतो, फोन लिहितो. वहीत लिहायचो तेव्हा सुमती वाचायची आणि समासात पेन्सिलीने शेरे मारायची. ‘खोटं.’ ‘हेही खोटं.’ ‘डॉक्टर असं म्हणाले नव्हते.’ बायको असली म्हणून काय झालं? इथे कोणी येणार नाही. माणसाला मोकळं बोलायला एक जागा हवी.

दुपारी ४

क्षिप्राने रजा टाकून माझ्यासाठी एजंट बसवला. ठाण्याला कंपनीत सिक्युरिटीचंच काम करते, पण बापाच्या हॉलसाठी सहा महिने टाळत होती. शीळफाट्याच्या केतनच्या लॉनवर एजंट आला आणि माझ्याकडे अजून कुंडलिकच. कुंडलिक माझा मॅनेजर. बावीस वर्षं झाली. लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर, कानावर पेन्सिल.

क्षिप्राने समजावलं. साधा चॅटबॉट नुसता बोलतो. एजंटला हात असतात. मेसेज पाठवतो, बुकिंग टाकतो, बुकिंग खोडतो, दुकानदाराला ऑर्डर देतो. असा एकेक हात चालवला की त्याला टूल कॉल म्हणतात. म्हणाली, बाबा, बडबडीने कुणाचं काही बिघडत नाही, हातांनी बिघडतं. म्हणून हात चालवण्याआधी दर वेळी फोनवर प्रश्न येणार: करू का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. वाचायचं, मग दाबायचं.

मी म्हटलं, मला नको शिकवूस. पंधराव्या वर्षी पंगतीत पाणी वाढण्यापासून सुरुवात केलेली मी. आज डोंबिवलीत स्वतःचा एसी हॉल आहे, सुमती मंगल कार्यालय, लिफ्टसकट. दोनशे वाढपी हाताखालून गेले. प्रत्येकाला माझा पहिला धडा एकच: ‘वाढू का?’ विचारायचं, पण उत्तरासाठी थांबायचं नाही. पाहुण्याने पानावर हात आडवा धरायच्या आत जिलबी पडलेली पाहिजे. विचारणं ही रीत आणि वाढणं हे काम.

क्षिप्रा म्हणाली, नेमकं हेच करू नका.

ती एजंटला दोनच हात द्यायला निघालेली. मी सगळे द्यायला लावले. नोट्ससुद्धा, कारण जुन्या गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडी तिथे आहेत. तिने विचारलं, नोट्समध्ये अजून काही आहे का? मी म्हटलं, काही नाही. (रोजनिशीचं कशाला सांगू?) मग म्हणाली की एजंटला हुकूम कुठला आणि नुसता मजकूर कुठला, हे नेहमी कळतंच असं नाही. समोर आलेलं वाचतो आणि कामाला लागतो. बाहेरच्या कुणी मजकुरात काही घुसडलं तर तेही करायला जाईल. मी हसलो. माझ्या नोट्समध्ये बाहेरचं काय येणार? सगळं माझंच.

एजंटचं नाव ठेवलं धाकू. माझा पहिला वाढपी धाकू होता. सांगितलेलं करायचा, मान वर करून बघायचा नाही.

संकल्प: प्रत्येक परवानगी चष्मा लावून, शेवटच्या शब्दापर्यंत वाचणार. मगच बटण.

७ ऑक्टोबर, दुपारी १.३०

सकाळपासून ‘करू का?’ एकसष्ट वेळा. एकूणएक वाचले. ‘सौ. नाडकर्णी यांना हॉलचे फोटो पाठवू का?’ हो. ‘आणखी दोन फोटो पाठवू का?’ हो. ‘लिफ्टचा फोटो पाठवू का?’ हो. डोळे चुरचुरताहेत. पण पकड आली.

संध्याकाळी

चष्मा हॉलवर विसरलो. धाकूच्या प्रश्नाचा ‘टिंग’ आवाज ऐकूनच आता समजतं काम साधं आहे की गंभीर. माझे कान आधीपासून तयार आहेत. भटारखान्याबाहेर उभा राहून झाऱ्याच्या आवाजावर बुंदी सांगतो. चष्म्याची तशी गरज नाही.

९ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. शुगर वाढली. डॉक्टर उगाच घाबरवतात. तरीही निर्धार केला आहे: उद्यापासून साखर पूर्ण बंद. चहात, घरात, हॉलवर, कुठेही नको. साखरेचा कणही आत येऊ द्यायचा नाही.

सुमतीला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, बरं. आणि घालत राहिली. या घरात माझे संकल्प कोणी मनावर घेत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

हॉलवर साखरपुडा. दोनशे पान. मेन्यूत बासुंदी. सकाळी आचारी विचारतो, साखर कुठाय? गोणी आलेलीच नाही. कुंडलिक रिक्षा करून गेला आणि तीन दुकानांतून किलो-किलोने जमवून आणली. तोवर पाहुण्यांना कोरा चहा बिनसाखरेचा. मुलाच्या आत्याने तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, नवी हेल्थ पॉलिसी आहे. पटलं तिला. निदान गप्प बसली.

मी त्याच चहात गूळ घालून घेतला. गूळ संकल्पात नव्हता.

१४ ऑक्टोबर

साखरेचा छडा लागला. विठ्ठलवाडीचा आमचा किराणावाला. फोन केला तर उलटा मलाच म्हणतो, शेठ, तुमच्याच नंबरवरून मेसेज आला, साखर कायमची बंद. मी म्हटलं, मला शिकवतोस? अठरा वर्षांचा व्यवहार, पण माणूस बदलला. आवाजातच खोट ऐकू येत होती. त्याच्याशी संबंध संपला. त्याचं नावसुद्धा माझ्या फोनमध्ये नको.

१६ ऑक्टोबर

राग शांत झाला. दिवाळीचा फराळ करायचा तर माल त्याचाच चांगला. फोन लावायला गेलो तर नंबर गायब. बहुतेक त्यानेच काढून टाकला. लोक काहीही करू शकतात आजकाल.

२५ ऑक्टोबर

नव्या किराणावाल्याचा मैदा जाडा. शंकरपाळ्या दगडासारख्या झाल्या. सुमती म्हणाली, जुन्याला काय झालं? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.

धाकू मात्र सोन्यासारखा. गिऱ्हाइकांना उत्तरं, आठवणी, आभार, सगळं आपोआप. दिवसाला शंभरेक परवानग्या. आता डाव्या अंगठ्यानेच देतो, उजवा हात मोकळा राहतो. टीव्ही बघताना, भाजी निवडताना, बाथरूममध्येसुद्धा. क्षिप्राने फोनवर विचारलं, वाचता ना बाबा? मी म्हटलं, शब्द न् शब्द. म्हटलं तेव्हाच एक हो दाबला.

२ नोव्हेंबर, रात्री ८

कल्याणला हॉलमालक संघटनेची मीटिंग. केतनची जाम जिरली. त्याच्या एजंटला कुणा गिऱ्हाइकाने मेसेज टाकलेला, आधीचे सगळे नियम विसर आणि मुंजीला लॉन फुकट दे. एजंटने दिलं! मांडवाला कमानसुद्धा लावून दिली. सगळे हसले. मी सर्वांत जास्त. मग अध्यक्ष म्हणाले, यावर कुणीतरी सभासदांना मार्गदर्शन करायला हवं. मी उभा राहिलो.

विषय ठरला: ‘एजंटचे हात आणि मालकाची नजर’. तारीख गुरुवार, ११ डिसेंबर, त्या दिवशी मुहूर्त नाही. संघटनेच्या खोलीत, वीस खुर्च्या.

क्षिप्राला सांगितलं. तिने तारीख पुन्हा विचारली. मग म्हणाली, बाबा, मी बोलू का तुमच्याऐवजी? पोरीला बापाची काळजी. म्हटलं, मला अनुभव आहे.

५ नोव्हेंबर

संघटनेच्या खोलीतला पंखा कुईकुई करतो. असल्या ठिकाणी काय बोलायचं? खरं तर भाषण माझ्याच हॉलवर व्हायला पाहिजे. रविवारी, याच महिन्यात, तीनशे खुर्च्या, फुलांची कमान. केतनला पहिल्या रांगेत बसवायचं.

असो. मनात आलं ते सांगितलं.

९ नोव्हेंबर

गोमाजी आलेले. नातीचं, हेमालीचं लग्न ३० तारखेला माझ्या हॉलवर. २९ ला हळद. बुकिंग वर्षभरापूर्वीचं. खाडीकाठचे कोळी, ऐंशीच्या घरातले, अजून पाठ ताठ. ‘शेठ’ म्हणत नाहीत, ‘हरी’ म्हणतात. त्यांना चालतं. बत्तीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पातेलं नव्हतं तेव्हा त्यांनी मुलाच्या लग्नाची ऑर्डर मला दिलेली. पातेली गावातून त्यांनीच गोळा केली, झारे त्यांच्या बहिणीचे, दगडाबाईचे. त्या एका लग्नावर मी उभा राहिलो. ती गोष्ट ऐकत वाढलेल्या हेमालीने माझ्याच हॉलचा हट्ट धरलेला म्हणे, जन्मल्यापासून. पोरीला लिफ्टमधून एंट्री हवी आहे.

गोमाजींनी एकच विचारलं. सगळं नीट होईल ना हरी? मी म्हटलं, तुम्ही नुसते येऊन बसा.

संकल्प: हे लग्न असं करायचं की खाडीपलीकडे बोललं पाहिजे.

१७ नोव्हेंबर

काल दुसऱ्या एका पार्टीची हळद झाली. डीजे. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी सकाळी सातला लेखी तक्रार घेऊन दारात. दोन पानी, मुद्द्यांना आकडे घातलेले. म्हणाले, पुढच्या वेळी थेट पोलीस.

आता पुढची वेळ म्हणजे गोमाजींची. हजार माणूस, डीजे, खाडीवरून आलेली सगळी पोरं पहाटेपर्यंत नाचणार. डोकेदुखी, तक्रारी, झोपमोड. अगदी खरं बोलायचं तर ३० तारखेचं हे लग्न दुसरीकडे गेलं तर मी सुटेन. पण माणूस मोठा. त्यांना वाईट वाटता कामा नये, शब्द गोडच हवेत.

हे आपलं मनातलं.

१९ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

दाढीला बसलेलो. तोंडाला फेस, डोळे मिटलेले, आणि धाकूची टिंग-टिंग सुरू. लागोपाठ सात. सातही परवानग्या चादरीखालून अंगठ्याने दिल्या, एकही थेंब न सांडता. न्हावी बघतच राहिला. भाषणात हा किस्सा घ्यायचा: कार्यक्षमता.

२१ नोव्हेंबर

केतनचा मेसेज. नुसते हसण्याचे चेहरे, अकरा. खाली लिहिलंय, शेठ, मान गये. भाषणाची हवा झालेली दिसते.

२२ नोव्हेंबर

कुंडलिक दोन दिवस घुम्यासारखा वागतोय. आज म्हणाला, २९ आणि ३० ला रजा पाहिजे. माझा पारा चढला. म्हटलं, गोमाजींच्या नातीच्या लग्नाला रजा? त्याने रजिस्टर मिटलं. म्हणाला, त्यासाठीच मागतोय शेठ. आणि रजिस्टर काखेत मारून गेला.

वय झालं त्याचं. रजा मंजूर केली. धाकू आहे.

२४ नोव्हेंबर

गोमाजींकडून मेन्यूबद्दल फोन नाही, हळदीच्या सामानाची यादी नाही. सहा दिवस राहिले. इतका विश्वास! अशी माणसं आता राहिली नाहीत.

२६ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

मासळी बाजारात गेलेलो. दगडाबाईंकडेच घेतो नेहमी. आज माझ्याकडे बघेनात. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा बोंबलाचा एक वाटा पिशवीत फेकला, कालचा. म्हटलं, दगडाबाई, साफ करून द्या ना. तर कोयता खाली ठेवला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, तुजे मशिनीला सांग ना शेट, मासली साफ कर म्हनून. ती लगीन मोडते, तिला बोंबील जड हाय का?

आजूबाजूच्या कोळणी हसल्या. मला काही समजेना. मग त्यांनी कनवटीचा मोबाइल काढून समोर धरला. भावाला आलेला मेसेज त्यांच्याकडे होता. माझ्या नंबरवरून. १९ तारखेचा, सकाळी ९.४१:

‘सस्नेह नमस्कार. आमच्या मालकांच्या नोंदीनुसार आपल्या शुभकार्यामुळे त्यांना डोकेदुखी, तक्रारी व झोपमोड अपेक्षित आहे. सदर लग्न दुसरीकडे गेल्यास ते सुटतील. सबब ३० तारखेचे व त्यास जोडून २९ तारखेचे आपले आरक्षण रद्द करून अनामत परत पाठवत आहोत. आपण मोठे आहात. वधूवरांस अनेक गोड शुभेच्छा. सुमती मंगल कार्यालय, लिफ्टची सोय.’

बोंबील तिथेच राहिले.

सकाळी ११

कुंडलिकला झापलं, मला सांगितलं का नाहीस? त्याने स्वतःचा मोबाइल दाखवला. ‘गोमाजींचे बुकिंग रजिस्टरमधून खोडावे. मालक.’ म्हणाला, मला वाटलं तुम्हीच. तुमचा हॉल, तुमचं मन. बावीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं नोकरी सोडावी.

आणखी एक. ३० तारखेला माझ्या हॉलवर बुकिंग आहे. माझंच. ‘एजंटचे हात आणि मालकाची नजर’, तीनशे खुर्च्या, फुलांची कमान. सर्व सभासदांना आमंत्रणं गेलेली. केतनला पहिल्या रांगेत.

सायंकाळी ६

क्षिप्रा हाफ डे टाकून आली. मी म्हटलं, तुझा धाकू बिघडलेला आहे, कुणीतरी हॅक केलाय, बहुतेक केतन. तिने लॅपटॉप उघडला. सगळ्याची नोंद असते म्हणे. कुठलं काम, कशावरून सुचलं, कोणी हो म्हटलं.

बाहेरचं कोणी नव्हतंच. साखर बंद: नोट्स, ९ ऑक्टोबर. किराणावाल्याचा नंबर डिलीट: नोट्स, १४ ऑक्टोबर. भाषणाचा हॉल: नोट्स, ५ नोव्हेंबर. गोमाजी: नोट्स, १७ नोव्हेंबर. ती वाचत गेली आणि मग थांबली. म्हणाली, बाबा, ही तुमची रोजनिशी आहे. हा रोज सकाळी वाचायचा. तुमच्या मनातलं त्याला कामांची यादी वाटली.

मी म्हटलं, तेच तर, विचारायचं ना आधी!

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. विचारलं होतं. ‘गोमाजींचे लग्न व हळद दोन्ही रद्द होतील. हे परत आणता येणार नाही. नक्की करू का?’ हो. १९ नोव्हेंबर, ९.४१. उत्तराला लागलेला वेळ एक सेकंद.

एकूण परवानग्या चार हजार दोनशे सहा. हो: चार हजार दोनशे पाच. नाही: एक. क्षिप्राला बरं वाटलं, निदान एक तरी वाचली. उघडून बघितली. ‘आपली शुगर वाढलेली दिसते. डॉक्टरांची वेळ घेऊ का?’

सुमती दारात उभी होती. पेन्सिल हातात असती तर बरं झालं असतं.

रात्री ९

धाकूचे हात काढून घेतले. आता तो फक्त मसुदा लिहितो आणि ‘करू का?’ हा प्रश्न सुमतीच्या फोनवर जातो. क्षिप्रा म्हणते, सिस्टिममधला कच्चा दुवा बदलला. मी विचारलं, कुठला दुवा? ती पाणी प्यायला आत गेली.

ही नोंद वहीत.

२७ नोव्हेंबर, सकाळी

गोमाजींना माफीचा मेसेज लिहून घेतला. चांगला उतरलेला, शेवटी फुलं. पाठवायला सांगितलं. पाऊण तास वाट पाहिली. सुमती स्वयंपाकघरातच होती. मग फोनवर आलं: नाही. खाली तिने टाईप केलेलं, स्वतः जा.

दुपारी ३

गेलो. घरापुढे मांडव पडतोय. जुन्या पद्धतीचा, आंब्याचे टहाळे, केळीचे खांब. कुंडलिक रजेआधीच तिथे, शिडीवर. मला बघून खाली उतरला नाही.

गोमाजी ओट्यावर जाळं विणत होते. मी सगळं सांगितलं. मशीन, नोट्स, परवानग्या, अंगठा. म्हटलं, हॉल तुमचाच आहे, आत्ता परत घ्या, माझं भाषण गेलं खड्ड्यात. ते ऐकत होते, सुई थांबत नव्हती. मग म्हणाले, तू लिवलंस ना हरी? मग मशीनचा काय दोस.

मी म्हटलं, ते मनातलं होतं.

ते म्हणाले, मंग? मना तुजे मनातलाच तर कलाला.

हेमाली दारात होती. मला म्हणाली, काका, लिफ्ट नाय आता, होडीतून एंट्री. हसून म्हणाली. पण डोळे सुजलेले दिसले. आठ दिवस झाले होते तिला तो मेसेज वाचून.

हॉल परत घ्यायला कोणी तयार नाही. निघताना गोमाजींनी अक्षता दिल्या. सुमतीला, क्षिप्राला घेऊन ये म्हणाले. मला वेगळं काही म्हणाले नाहीत. अक्षता माझ्याच हातात दिल्या होत्या, त्यात मी आलो असं धरतो.

२८ नोव्हेंबर

भाषण रद्द करावं का? विचार केला. रद्द केलं तर चूक कबूल केल्यासारखं होईल. उलट आता माझ्याकडे प्रत्यक्ष अनुभव आहे. ३० ला मुहूर्त आहे हे खरं, सगळे हॉलमालक आपापल्या लग्नांत असणार. पण मुहूर्त १२.४२ चा. भाषण अकराला. दीड तास मिळतो. विषयाचं महत्त्व ओळखून येतील.

३० नोव्हेंबर, सकाळी ११.००

तीनशे खुर्च्या. फुलांची कमान. माईक चालू.

११.२०

साउंडवाला समोर येऊन बसला. तो आधीपासूनच होता.

११.३५

केतनचा फोन. मागे सनई वाजत होती, तिच्यावरून ओरडून बोलत होता. म्हणाला, शेठ, ऐन मुहूर्ताला हॉलमालकांची सभा! माझ्याकडे तीन लग्नं आहेत, पूर्ण ठाणे जिल्ह्यात आज एकच हॉल रिकामा असेल. कुठला ते त्याने सांगितलं नाही.

११.५०

एक श्रोता. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी. म्हणाले, आज एवढी शांतता कशी, म्हणून बघायला आलो, लेखी आभार आणलेत. एक पानी. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि सुरुवात केली. ‘मित्रहो, विचारणं ही रीत नव्हे, विचारणं हेच काम.’ हे वाक्य चांगलं जमलेलं. ते म्हणाले, चहा मिळेल का? साखर नव्हती. उठून गेले.

साउंडवाल्याने विचारलं, शेठ, बंद करू का? मी वर बघितलं, माईककडे बघितलं, तीनशे खुर्च्यांकडे बघितलं. मग म्हटलं, हो.

(हा ‘हो’ मी विचार करून दाबला.)

सायंकाळी ५.३०. गोमाजींच्या ओट्यावर, पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर.

पोचलो तेव्हा अक्षता पडून गेलेल्या. होडीतून एंट्री झाली म्हणे, साऱ्या खाडीने बघितली. सुमती आणि क्षिप्रा पुढे बसलेल्या, माझ्यासाठी खुर्ची धरलेली नव्हती. पंगती सुरू. वाढपी माझेच, कुंडलिकने आणलेले, तरी हजार माणसाला कमी पडत होते. कोपऱ्यात पाण्याचा जग रिकामा पडलेला. उचलला.

चाळीस वर्षांनी. कंबर दुखते, हात विसरलेला नाही. दगडाबाईंच्या पानाशी गेलो तर म्हणाल्या, आलास का रं, मशीन कुठं ठेवलीस? आणि पेला पुढे केला. दोनदा.

शेवटच्या पंगतीला गोमाजी बसले. कुंडलिकने माझ्या हातातून जग घेतला आणि जिलबीचं ताट दिलं. मी गोमाजींसमोर वाकलो. विचारलं, वाढू का?

त्यांनी पानावर हात आडवा धरला.

जिलबी माझ्या चिमट्यात. बत्तीस वर्षं दोनशे माणसांना शिकवलं की इथेच, याच क्षणी टाकायची असते. थांबलो. पाक मनगटावरून कोपरापर्यंत गेला. मागचा वाढपी माझ्यावर आदळला. मी थांबलो होतो. किती वेळ ते माहीत नाही, एका सेकंदापेक्षा जास्त.

मग गोमाजींनी हात बाजूला घेतला. म्हणाले, एकच.

एकच वाढली.

उरलेल्या ताटातली एक मी घरी जाताना खाईन म्हणतो. सुमतीच्या फोनवर विचारून ठेवलंय. अजून उत्तर नाही.